पीडीएफ मोठी का होते आणि सेटिंग नेमकं कुठे लावायचं

आमच्या घरात आणि बिल्डिंगमध्ये पीडीएफचा प्रश्न नेहमी एकाच वाक्यात येतो, "ताई, ही जरा लहान करून दे ना, अपलोडच होत नाहीये." मी विचारते बनवली कशी, तर उत्तर येतं, "बनवली कुठे, झाली." आणि हे 'झाली'च सगळ्याचं मूळ आहे, कारण पीडीएफ आपोआप झाली म्हणजे ती कुणाच्या तरी डिफॉल्टवर (म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या सेटिंगवर) झाली, आणि ते डिफॉल्ट ज्याने ठरवलं त्याच्या डोळ्यासमोर तुमचा उत्पन्नाचा दाखलाही नव्हता आणि वाचनालयाची स्मरणिकाही नव्हती. मी गेली काही वर्षं गावच्या वाचनालयाची स्मरणिका लावून देते (पैसे मिळत नाहीत, चहा मिळतो), शिवाय सगळ्या नातेवाइकांची फॉर्म भरायची कामं माझ्याकडेच येतात, त्यामुळे हे सगळं एकदा लिहून टाकावं म्हटलं, म्हणजे पुढच्या वेळी फक्त लिंक पाठवता येईल.

आधी थोडं गणित करूया, कंटाळा करू नका. ए-फोर कागद ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन केला की २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात, म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके. रंगीत असेल तर एका ठिपक्याला ३ बाइट लागतात, म्हणजे दाबण्याआधीचा (कम्प्रेस करण्याआधीचा) कच्चा माल झाला २६ एमबी, एका पानाचा! तोच ग्रेस्केल (नुसत्या राखाडी छटांचा) केला तर पावणेनऊ एमबी, आणि निव्वळ काळं-पांढरं केलं तर एका ठिपक्याला एकच बिट, म्हणजे १ एमबीच्या जेमतेम वर. आता डीपीआय ३०० चं १५० केलं तर लोकांना वाटतं साइझ निम्मी होईल, पण निम्मी नाही, ठिपके पाव होतात, कारण उभेही निम्मे आणि आडवेही निम्मे. या एवढ्या गणितात तुमच्या पीडीएफच्या साइझचं बहुतेक सगळं रहस्य आलं. बाकी जे काही कम्प्रेशन वगैरे आहे ते याच्यावरचं काम.

आणि हो, हे फक्त चित्रांपुरतं. वर्डमध्ये टाइप केलेलं पान सरळ पीडीएफ केलं तर अक्षरं अक्षरं म्हणूनच राहतात, फाईल काही केबीत मावते, आणि कितीही झूम करा, कडा फाटत नाहीत. पण आपल्याकडची पद्धत काय, तर टाइप करायचं, प्रिंट काढायची, सही करायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि त्याची पीडीएफ करायची, म्हणजे जे काही केबीत होतं ते काही एमबीत गेलं आणि वर त्यातलं एक अक्षर सर्च होत नाही. सही लागते तिथे इलाज नाही, मान्य. पण सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीससुद्धा लोक असली फोटोवाली पाठवतात.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. पीडीएफ करताना जो क्वालिटीचा बॉक्स समोर येतो तो सगळ्यात शेवटचा टप्पा आहे, आणि फोटो त्याच्या आधीच दोन-तीनदा दाबला गेलेला असतो. स्मरणिकेचंच घ्या. फोटो काढला कुणीतरी चांगल्या मोबाइलवर, ४००० बाय ३००० पिक्सेलचा, मस्त. तो मला आला व्हॉट्सअ‍ॅपवरून, फोटो म्हणून पाठवलेला, म्हणजे पहिली कात्री तिथेच लागली. मग तो गेला वर्डमध्ये, वर्डने सेव्ह करताना परत दाबला. मग पीडीएफ करताना तिसऱ्यांदा. आणि मग फाईल मोठी झाली म्हणून कुणीतरी ऑनलाइन कम्प्रेसवाल्या साइटवर टाकून चौथ्यांदा. त्यानंतर प्रेसवाला फोन करतो की मॅडम फोटो फाटलेत, तेव्हा पीडीएफचं सेटिंग हाय करून काय उपयोग, चिपाड परत चरकात घातलं म्हणून रस निघत नाही. त्यामुळे माझा साधा नियम आहे, वरचे सगळे टप्पे मोकळे ठेवायचे, काहीही दाबायचं नाही, आणि जे काय दाबायचं ते फक्त शेवटी, पीडीएफ करताना, एकदाच. आणि डिफॉल्ट लावायची ती याच हिशेबाने.

व्हॉट्सअ‍ॅपचं सोपं आहे, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगायचं, २ जीबीपर्यंत फाईल जाते, जशीच्या तशी येते. सांगायला सोपं, समितीतल्या काकांकडून करून घ्यायला अवघड, पण ते असो.

वर्डमधलं सेटिंग मात्र बहुतेकांना माहीतच नसतं, कारण ते पीडीएफच्या आसपास कुठेच नाहीये. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, आणि मग बरंच खाली स्क्रोल केलं की 'इमेज साइझ अँड क्वालिटी' असा भाग येतो. तिथे 'डू नॉट कम्प्रेस इमेजेस इन फाईल' अशी एक चौकट आहे, ती रिकामी असते, आणि ती रिकामी असते म्हणूनच वर्ड सेव्ह करताना फोटो दाबतं. खाली डिफॉल्ट रिझोल्यूशन असतं, माझ्याकडच्या वर्डमध्ये ते २२० होतं, व्हर्जनप्रमाणे वेगळं असेल, तुमचं बघून घ्या. २२० ऑफिसच्या प्रिंटरला चालतं, प्रेसला नाही. आता यातली खरी गंमत, या भागाच्या शीर्षकाशेजारीच एक ड्रॉपडाउन आहे, त्यात आत्ता उघडलेल्या फाईलचं नाव असतं, म्हणजे तुम्ही टिक केली तरी ती फक्त त्या फाईलपुरती. ते बदलून 'ऑल न्यू डॉक्युमेंट्स' केलं तर पुढच्या सगळ्या नव्या फाईलींना लागतं. लोक टिक करतात, ड्रॉपडाउन बघत नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेला परत तेच. आणि हे फोटो टाकायच्या आधी करायचं, एकदा सेव्ह होऊन दाबलेला फोटो टिक केल्यावर परत फुगत नाही.

नंतर पीडीएफ करताना सेव्ह अ‍ॅजमध्ये (एफ-१२ दाबा, थेट जुना डायलॉग येतो, ते मोठं पान मध्ये येत नाही) टाइप पीडीएफ केला की खाली 'ऑप्टिमाइझ फॉर' येतं, स्टँडर्ड आणि मिनिमम साइझ असे दोनच पर्याय. स्टँडर्ड ठेवायचं. मिनिमम साइझ स्क्रीनवर वाचायला ठीक, नोटीस असेल तर पुरे, पण फोटो असतील तर नको. शेजारच्या ऑप्शन्समध्ये 'बिटमॅप टेक्स्ट व्हेन फॉन्ट्स मे नॉट बी एम्बेडेड' असं काहीतरी लांबलचक असतं, म्हणजे फॉन्ट फाईलमध्ये घालायला परवानगी नसेल तर अक्षरांचं चित्र करून टाकतो. मराठीवाल्यांनी हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे जुने नॉन-युनिकोड फॉन्ट अजून चालू आहेत, अक्षरांचं चित्र झालं की पीडीएफ दिसते बरोबर पण कॉपी करता येत नाही, आणि असा जुना फॉन्ट आत गेला तरी कॉपी केलं की अगम्य काहीतरी येतं.

मी स्वतः वर्डऐवजी लिब्रेऑफिस वापरते, फुकट आहे म्हणून सुरुवात केली होती, आता सवय झाली. त्याचा पीडीएफ एक्स्पोर्टचा डायलॉग मला जास्त प्रामाणिक वाटतो, काय करणार ते सरळ आकड्यात सांगतो. जनरल टॅबवर इमेजेसचा भाग आहे, लॉसलेस (काहीही न गमावता) की जेपेग (थोडं गमावून लहान), जेपेग असेल तर क्वालिटी ९० टक्के, आणि रिझोल्यूशन ३०० डीपीआयपर्यंत कमी करू का, हे सगळं आधीच भरलेलं असतं आणि खरं सांगायचं तर स्मरणिकेला हेच डिफॉल्ट बरोबर आहे. का ते बघा. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो तुम्ही पानावर ३ इंच रुंद लावला, तर तिथे १३०० पेक्षा जास्त डीपीआय भरतो, एवढं ऑफसेट मशीनही छापत नाही. ३०० ला आणला की ९०० बाय ६७५ राहतो, ठिपके सुमारे वीसपट कमी, आणि छापल्यावर तुम्हाला भिंग लावूनही फरक सांगता येणार नाही. म्हणजे हे दाबणं फुकटचं आहे, नुकसान काहीच नाही. हेच ७५ केलं तर मात्र सभासदांचे चेहरे वाफ धरल्यासारखे दिसायला लागतात.

फक्त एक खोच आहे. टूलबारवर जे थेट पीडीएफचं बटण आहे ते डायलॉग न दाखवता मागच्या वेळचं सेटिंग वापरतं. म्हणजे सोमवारी तुम्ही कुणालातरी ईमेल करायला म्हणून ७५ डीपीआय, ५० टक्के केलं, आणि गुरुवारी प्रेसला पाठवायची फाईल त्या बटणाने काढली, तर ती पण ७५ लाच निघते, आणि कुणी काही विचारत नाही. म्हणून हलकी कॉपी काढून झाली की लगेच परत एकदा डायलॉग उघडून ३०० आणि ९० करून जड कॉपी काढायची, म्हणजे बटण जागेवर येतं. ही माझी जुगाडू पद्धत आहे, पण चालते.

जेपेगच्या टक्क्यांबद्दल पण जरा. ९० वरून ८० वर आलं तर साइझ चांगली कमी होते आणि डोळ्याला कळत नाही, ८० वरून ६० पण फोटोत खपून जातं, पण अक्षरांच्या चित्रात नाही. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतं, आणि आकाश, साडी, चेहरा अशा हळूहळू बदलणाऱ्या रंगाला ते मानवतं. पांढऱ्या कागदावर काळं अक्षर म्हणजे एकदम तीव्र कड, तिथे चौकोनात कचरा उडतो, अक्षराभोवती राखाडी मुंग्या दिसतात. आणि देवनागरीत तर कडाच कडा, शिरोरेखा आहे, वर रफार आहे, खाली उकार आहे, जोडाक्षरं आहेत. १२ पॉइंटचं अक्षर १०० डीपीआयला जेमतेम १६-१७ पिक्सेल उंच असतं, त्यात अनुस्वाराच्या वाट्याला एक-दोन पिक्सेल. तो जेपेगने खाल्ला की संपलं. ३०० ला तेच अक्षर ५० पिक्सेल असतं, तिथे टिंब टिकतं. इंग्रजी कागद १०० डीपीआयला वाचता येतो म्हणून मराठी पण येईल असं नाही, निदान १५० तरी ठेवा, जमलं तर २००.

आता फॉर्मचे स्कॅन. इथे साइटची मर्यादा असते, कुठे २०० केबी, कुठे ५००, कुठे १ एमबी, प्रत्येकाचं वेगळं. लोक काय करतात, रंगीत ३०० ला स्कॅन करून मग कम्प्रेस, परत कम्प्रेस, आणि शेवटी जे उरतं ते तपासणाऱ्याला वाचता येत नाही म्हणून अर्ज परत. उलट करा. मूळ स्कॅनच कागद बघून करा. नुसती टाइप केलेली मार्कशीट किंवा पत्र असेल तर काळं-पांढरं ३०० डीपीआय, याला फॅक्सच्या काळापासूनचं वेगळं कम्प्रेशन लागतं, ते अक्षराची कड अजिबात बिघडवत नाही आणि पान बहुतेक वेळा १०० केबीच्या आत बसतं. हो, खरंच, ३०० डीपीआयचं काळं-पांढरं पान १०० डीपीआयच्या रंगीत पानापेक्षा लहानही असतं आणि स्वच्छही.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, शिक्का असेल तर काळं-पांढरं करू नका. आपल्याकडचा जांभळा गोल शिक्का, पॅडमधली शाई संपत आलेली, काळ्या-पांढऱ्यात तो एकतर पूर्ण गायब होतो नाहीतर खालची सही घेऊन एक काळा डाग होतो. तिथे ग्रेस्केल १५० किंवा २००, आणि शिक्का फारच फिकट असेल तर रंगीत १५०. फोटो असलेल्या ओळखपत्राला पण रंगीतच. माझ्या स्कॅनिंगच्या प्रोग्रॅममध्ये मी असे तीन प्रोफाइल करून ठेवलेत, नावंच दिलीत 'साधा कागद', 'शिक्क्याचा कागद' आणि 'फोटोवाला'. नॅप्स-टू म्हणून फुकट प्रोग्रॅम आहे विंडोजवर चालणारा, त्यात प्रत्येक प्रोफाइलला डीपीआय, रंग, जेपेगची क्वालिटी वेगळी ठेवता येते, आणि पीडीएफच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट फाईल पाथ देऊन 'विचारू नकोस, सरळ सेव्ह कर' असंही सांगता येतं, नावात आपोआप तारीख घालता येते. मी वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने घालते, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप ओळीने लागतात, दिवस आधी घातला की सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येऊन बसतात. त्यात मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) पण घालता येतं, म्हणजे स्कॅनमध्ये सर्च चालतो, शंभर टक्के बरोबर नाही पण लाइट बिल शोधायला पुरतो.

सेव्ह कुठे होतं हेही बघूनच ठेवा. वर्डमध्ये ऑप्शन्समधल्या सेव्ह टॅबवर 'डिफॉल्ट लोकल फाईल लोकेशन' आहे आणि 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट' अशी टिक आहे, ती नसेल तर फाईल क्लाउडवर जायला बघते आणि आपण डेस्कटॉपवर शोधत बसतो. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, पाथ्स, तिथे 'माय डॉक्युमेंट्स'ची ओळ बदलायची. ज्यांच्याकडे अ‍ॅक्रोबॅट विकत घेतलेलं आहे त्यांच्या प्रिंटरच्या यादीत 'अडोबी पीडीएफ' दिसतो, त्याच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये आउटपुट फोल्डर आणि डिफॉल्ट सेटिंग्ज दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. तिथले तयार संच म्हणजे स्मॉलेस्ट फाईल साइझ, स्टँडर्ड, हाय क्वालिटी प्रिंट, प्रेस क्वालिटी असे, त्यातलं स्टँडर्ड रंगीत चित्र १५० ला आणतं आणि हाय क्वालिटी प्रिंट ३०० ला, पण ते सुद्धा चित्र मुळात दीडपट जास्त असेल तरच, म्हणजे २२५ च्या किंवा ४५० च्या वर असेल तरच हात लावतं. चांगला विचार आहे हा, थोड्यासाठी उगाच चित्र परत घोटायचं नाही. प्रेसला द्यायचं तर प्रेस क्वालिटी, पण आधी प्रेसवाल्याला विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी तो कोरलमध्ये (डिझाइनचा प्रोग्रॅम) उघडणार असतो आणि त्याला फॉन्ट कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करूनच, हवे असतात.

विंडोजमधलं 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ', जे विंडोज १० पासून सगळ्यांकडे आहे, त्यात मात्र क्वालिटीचं सेटिंग शोधत बसू नका, नाहीच आहे. ते फक्त नाव विचारतं. कशातूनही पीडीएफ काढता येते म्हणून सोयीचं, पण तेवढंच, त्यात लिंक आणि बुकमार्क नाहीसे होतात.

एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण लोकांना वाटतं क्वालिटी कमी म्हणजे फार तर धूसर दिसेल. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन माणसाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीच्या काही वर्कसेंटर मशिनवर नकाशा स्कॅन केला की खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलून येत होते. धूसर नाही, स्वच्छ, ठळक, आणि चूक. त्यात जेबिग-२ नावाचं कम्प्रेशन होतं, ते पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधतं आणि एकच तुकडा सगळीकडे डकवतं, म्हणजे जागा वाचते, पण बारीक अक्षरात ६ आणि ८ त्याला सारखेच वाटले. कंपनीला नंतर सॉफ्टवेअरचे पॅच काढावे लागले. तेव्हा ऑफिसच्या मोठ्या मशिनवर 'कॉम्पॅक्ट' किंवा 'हाय कम्प्रेशन' असं काही असेल तर आकड्यांच्या कागदाला ते लावू नका, ताळेबंद, बिलं, मोजणीचे नकाशे, कशालाच नाही.

आणि ज्याला अजिबात हात लावायचा नाही असा एक प्रकार म्हणजे डिजिटल सहीची पीडीएफ. महाभूमी या सरकारच्या जमिनीच्या नोंदींच्या साइटवरून १५ रुपये भरून काढलेला सातबारा, किंवा डिजिलॉकरमधली कागदपत्रं. ही सही फाईलच्या बाइट्सवर असते, चित्रावर नाही, त्यामुळे कम्प्रेस केली, प्रिंट टू पीडीएफ केली, पानं जोडली, काहीही केलं की सही एकतर निघून जाते नाहीतर अवैध दाखवते. दिसायला सातबारा तसाच, खालचा सहीचा चौकोनही तसाच, पण तो आता नुसतं चित्र. बँकेत कुणी तपासलं तर परत पाठवतात आणि आपण म्हणतो साइटच खराब. मूळ फाईल वेगळी ठेवा, साइटला लहान हवी असेल तर कॉपी करून तिला दाबा, आणि जिथे मूळ चालते तिथे मूळच द्या.

शेवटी, आधीच हातात आलेली पीडीएफ दाबायची वेळ आलीच तर मी घोस्टस्क्रिप्ट नावाचा प्रोग्रॅम वापरते, काळ्या खिडकीत कमांड द्यावी लागते पण फाईल बाहेरच्या साइटवर जात नाही, आणि आधार-पॅन कुठल्याशा अनोळखी साइटवर चढवण्यापेक्षा ते बरं. त्यातल्या तयार सेटिंगमध्ये स्क्रीन म्हणजे ७२ डीपीआय, ईबुक म्हणजे १५०, प्रिंटर म्हणजे ३००. मराठी कागदाला स्क्रीन कधीच लावू नका, ईबुक लावा, आणि झाल्यावर एकदा २०० टक्क्यांना झूम करून नाव, तारीख आणि शिक्का वाचून बघा, मगच अपलोडचं बटण दाबा. ज्यांना कमांड नको त्यांनी मला पाठवा, पण मूळ फाईल पाठवा, कुठल्यातरी साइटवरून आधीच दाबलेली नको.